चोरीचा पाला

माझ्या घरातलं एक झाड चोरीचं आहे. आल्यागेल्याला मी हे स्वतःहून सांगते, आणि मान ताठ करून सांगते. बदली होऊन नगरला येताना चोरून आणलं त्याला काही वर्षं झाली, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीत ते अजून नांदतं आहे. पान पुदिन्यासारखं, पण जरा रुंद, फिकट आणि सुरकुतलेलं. दिसायला काही विशेष नाही. पाहुणे पुदिना समजून पुढे जायला लागतात, तेव्हा मी एक पान चुरडून त्यांच्या नाकाशी धरते. लिंबाचा वास! पण लिंबासारखा अंगावर येणारा नाही, शांत. मग पाहुणे थांबतात आणि मला बोलायला विषय मिळतो.

नर्सरीवाले त्याला लेमन बाम म्हणतात. ज्यांच्याकडून मी ते चोरलं ते नुसतं 'पाला' म्हणायचे, आणि त्यांची बायको 'माझी सवत' म्हणायची.

ते म्हणजे पाथर्डीचे आमचे घरमालक. एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. जवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा मी त्यांच्याकडे खोली बघायला गेले. जीप स्टॅंडच्या मागे घर, पुढे अंगण, आणि अंगणाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गोणपाटाचा एक तंबू. मला वाटलं, कोंबड्या असतील. काकांनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. तंबूत हात घालून एक पान आणलं, चुरडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"वास येतो?"

"येतो. लिंबाचा."

"मंग खोली तुमची."

माझ्या आधी एक जण येऊन गेला होता. कृषी खात्यातला चांगला नोकरदार माणूस. त्याला सर्दी झाली होती. त्याला वास आला नाही आणि खोलीही मिळाली नाही. काकू हे मला सांगताना कपाळावर हात मारून घेत होत्या.

गोणपाटाच्या त्या तंबूत एका फुटक्या रांजणाचा खालचा अर्धा भाग होता आणि त्यात हा पाला गच्च माजलेला होता. हे झाड थंड हवेचं. पाथर्डीच्या उन्हाळ्यात माणसाच्या तळपायाला फोड येतात, तिथे त्यानं जगावं म्हणून काका काय काय करायचे! गोणपाट दिवसातनं तीनदा भिजवायचं. रांजण रोज थोडा फिरवायचा, तोही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरल्यासारखा. बुडाला पाडलेलं भोक तारेनं मोकळं करायचं. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, त्यामुळे पाल्याला पाणी मिळायचं ते भाजी-तांदूळ धुतलेलं, आणि तेही बोट मातीत खुपसून बघितल्याशिवाय नाही. कणभर ओल लागली तरी काका तांब्या परत ठेवायचे. आमच्या अंघोळीवरही त्यांचा कायदा होता. पहिले दोन तांबे बिनसाबणाचे, उभं राहायचं ते पन्हाळीकडे तोंड करून, म्हणजे ते पाणी बादलीत जमून गोणपाटाला कामी येईल. मी एकदा चुकून आधी साबण लावला. बाहेरून आवाज आला, "बाई, फेस दिसायलाय!" चार वर्षांत मी इतक्या शिस्तीत अंघोळ केली की आता सवयच जात नाही.

चहाच्या बाबतीत तर विचारूच नका. पानं ताजी तोडायची, हातानंच फाडायची, कपात टाकायची आणि वरून कढत पाणी ओतून झाकण ठेवायचं. उकळायचं नाही. दूध तर नाहीच नाही. पाथर्डीत पाहुण्याला बिनदुधाचा चहा देणं म्हणजे दारातून हाकलणंच! काकूंच्या भावानं एकदा तो कप बघितला आणि विचारलं, "दाजी, म्हैस आटली काय?" त्यानंतर तो आला की काकू चुलीशी स्वतः उभ्या राहायच्या. मला मात्र तो चहा लागला. दिवसभर साठ पोरांपुढे ओरडून घरी यावं, पायरीवर बसावं आणि काकांनी झाकलेला कप पुढे करावा. डोक्यातला गलका हळूहळू खाली बसायचा. आंबट ताकात काकू चार पानं चुरायच्या तेही फार छान लागायचं, पण हे त्या काकांसमोर कबूल करायच्या नाहीत. सवतीचं कौतुक कोण करणार!

नोकरीत असताना काकांनी स्वतः मात्र हा चहा ड्यूटीवर कधी घेतला नव्हता. "डोळं जड हुत्यात. गाडी लावली, चावी दिली, मंगच घ्यायचा," असं ते सांगायचे. उभ्या नोकरीत त्यांच्या गाडीनं एक कुत्रं चिरडलं नव्हतं. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते दसऱ्याला पूजेत ठेवायचे आणि शेजारी पाल्याची एक डहाळी. सोनं म्हणून आपट्याची पानं वाटत फिरणारी माणसं ती डहाळी बघायची आणि काका छाती काढून म्हणायचे, "पाथर्डीत जगलंय ह्ये. कुठंबी जगंल."

आता चोरीचं सांगते.

राहायला आल्यावर महिन्याभरात मी सहज म्हटलं, "काका, माझ्या आईसाठी एक रोप द्या ना." काका एकदम बहिरे झाले. मी पुन्हा म्हटलं, तर उठून स्कूटर पुसायला लागले. मला राग आला. एवढं माजलेलं झाड आणि एक फांदी देववत नाही! तणतणत मी काकूंकडे गेले, तर त्या हसायलाच लागल्या.

"अगं पोरी, मागू नको. मागितलेलं ह्ये देत न्हाईत. चोर."

"म्हणजे?"

"चोर म्हंजी चोर. मागून नेलेलं झाड लागत न्हाई, आसं त्येंचं म्हननं. सांजच्याला ते पेपर घिऊन बसत्यात, तवा जा."

संध्याकाळी बघते तर खरंच, काका तंबूकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. मी चपला काढल्या, दबकत गेले. काका मोठ्यानं खोकले. मी दचकून थांबले. काही नाही, पेपर चालूच. मी एक लुसलुशीत शेंडा धरला, तेवढ्यात तिकडं तोंड ठेवूनच काका पेपरला म्हणाले, "बुडातनं घ्यावं मान्सानं. मुळासकट. शेंडा खुडला तर मरंल." मी बुडातनं घेतलं. काका आणखी एकदा खोकले, पण ते हसू दाबायला असावं असा माझा संशय आहे.

पुढे कळलं की अर्धी पाथर्डी इथे चोरी करून गेली आहे. डॉक्टरीणबाई, किराणा दुकानदार, बाजारला आलेल्या बायका, देवळातला गुरव, सगळे चोर. काकांनी त्यातल्या एकाचंही तोंड बघितलेलं नव्हतं. कधीच मान वळवायची नाही, हा त्यांचा नेम. वळली तर ते देणं झालं, आणि दिलेलं लागत नाही.

हा नेम आला कुठून, तेही त्यांनी एकदा सांगितलं. एका शाळेची सहल घेऊन ते महाबळेश्वरला गेले होते. पोरं फिरायला गेली आणि हे एका बंगल्याच्या कुंपणाशी गाडी लावून उभे राहिले. आत एक म्हातारा माळी या पाल्याला पाणी घालत होता. वाऱ्यानं वास आला आणि काकांना, त्यांच्याच शब्दांत, "येड लागलं". मागायची लाज वाटली. तेवढ्यात माळ्यानं पाठ फिरवली आणि तो खोकला. काकांनी कुंपणातून हात घातला, एक मुळी उपटली आणि गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटायच्या वेळी माळी काचेशी येऊन उभा. आता शिव्या बसणार म्हणून काका घाबरले, तर त्यानं कागदात बांधलेली माती वर दिली आणि म्हणाला, "माती ऱ्हायली तुमची."

"त्यो गेला आसंल आता," काका म्हणायचे. "पन मी चोर झालो त्यो त्येच्या हातचा. सादासुदा न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा बिल्ला मिळाल्यासारखा व्हायचा.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी होळीनंतर काकांच्या छातीत दुखायला लागलं. नगरला नेलं, हृदयाचं ऑपरेशन झालं. काकू नगर-पाथर्डी ये-जा करत होत्या, पुण्याचा मुलगा दवाखान्यात थांबला होता. शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिलं विचारलं, "पाल्याला कोन बघतंय?" काकूंनी येऊन हे जीप स्टॅंडवर रडत-हसत सांगितलं, आणि गावभर झालं.

मग काय झालं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण असा घोटाळा फक्त पाथर्डीतच होऊ शकतो. ऊन तापलेलं, टॅंकर सुरू झालेले, घराघरात पाणी झाकून ठेवायचे दिवस. आणि तरी माझा आपला समज, की रोज सकाळी एक तांब्या मीच घालते आहे. काकू आल्या की त्यांचा एक तांब्या. डॉक्टरीणबाईंचा दुपारचा एक. किराणावाल्याचा दुकान बंद करून जाताना एक. जीपवाले तर आपल्या पिण्याच्या बाटल्या रिकाम्या करून जायचे. प्रत्येक जण गुपचूप, कारण त्या तंबूत चोरासारखंच जायचं ही सगळ्यांना सवय. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. त्यात रांजणाच्या भोकातून पाणी गळताना बघून काकूंचा जीव तुटला. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी खाली परात सरकवली.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, ऊन लागतंय. म्हणून सगळ्यांनी आणखी पाणी घातलं.

काका घरी आले ते मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन. पायरी चढायच्या आधी तंबूकडे वळले. आत काळे पडलेले देठ आणि चिखल. त्यांना बघायला सगळे जमले होते, मीही त्यांतच होते. काकांनी बोट मातीत खुपसलं, नाकाशी नेलं.

"पानी दिलं कुनी?"

काकूंनी मान खाली घातली. मी म्हटलं, "मी, काका." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी पण." किराणावाला, जीपवाले, एकेक जण बोलला. काका सगळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा विचित्र झाला. आधी मला वाटलं त्यांना दुखतंय, पण ते हसत होते. छातीला हात धरून हसत होते, टाके दुखत असणार.

"पान्यानं मेलं? आरं, पाथर्डीत पान्यानं मेलं?" डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "टॅंकरच्या पान्यानं? तुमी पोरंबाळं तहानली ठिवून..."

त्या दिवशी मला आमच्या सगळ्यांच्या मूर्खपणाचा इतका अभिमान वाटला, की तसा पुन्हा कशाचा वाटला नाही.

पण हसून काही झाड परत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून काका विझत गेले. दाढी करेनात. दिवा फुकट जळतोय म्हणून ओरडेनात. मी मुद्दाम आधी साबण लावला, फेस अंगणात सोडला, तरी बाहेरून आवाज नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं चाला. काका अंथरुणातून उठत नव्हते. मुलगा म्हणाला, "पप्पा, मोबाईलवर मागवतो, तीन दिवसांत रोप घरी." काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मागवतो म्हंजी मागितलंच की."

आणि चोर? डॉक्टरीणबाईंचं दिवाळीतच जळालं होतं. गुरवाचं शेळीनं खाल्लं. किराणावाल्याचं पाण्यावाचून वाळलं. माझ्या आईकडचं तर कधीच गेलं होतं, आणि मी त्यानंतर आळसानं पुन्हा चोरलंच नव्हतं. बाकीचे चोर कोण, ते काकांनाच ठाऊक नव्हतं. उभ्या जन्मात मान वळवली नव्हती ना!

"झाड गेलं तर जाऊ दे," काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "ह्यो मानूस जाया नको गं."

एक मेला शाळेत निकाल होता. ऊसतोडीहून परतलेले आईबाप पोरांचे निकाल न्यायला आले होते. आमच्या शाळेत हा दिवस जत्रेसारखा असतो. सहा-सहा महिने आजीजवळ राहिलेली पोरं आईच्या पदराला चिकटून फिरतात. तिसरीतल्या एका मुलीची आई सही करायला टेबलाशी वाकली. उन्हानं रापलेला चेहरा, कोयत्यानं घट्टे पडलेले हात. तिनं पेन घेतलं आणि मला वास आला.

लिंबाचा. पण अंगावर येणारा नाही.

मी तिच्या हाताकडे बघतच राहिले. जिभेवर आलेला प्रश्न मी कसा गिळला ते माझं मला माहीत! विचारणं म्हणजे मागणंच झालं असतं. मी एवढंच म्हटलं, "यंदा कुठल्या कारखान्याला होता?"

"देवळाली प्रवराकडं, बाई. पाचटाच्या कोपीच्या मागंच कालवा हुता. गार वाटायचं."

"आणि आता?"

"आता वस्तीवरच. रांजनाच्या बुडाला जरा ओल ऱ्हाती, तेवडंच गार." असं म्हणून ती पदरात तोंड लपवून हसली. का हसली ते मला समजलं आणि मला समजलंय हे तिलाही समजलं असावं.

घरी आले. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी काकूंशी बोलल्यासारखं मोठ्यानं बोलले. अमक्या वस्तीवर एक बाई आहे, दिवाळीनंतर ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जाते, तेलाच्या डब्यात काहीतरी लावून बरोबर नेते म्हणतात, परत येताना घेऊन येते. यातलं निम्मं मी मनाचंच जोडलं होतं. भिंतीकडची पाठ हलली नाही. पण सकाळी मी उठले तेव्हा काका नळाशी दाढी करत होते. अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट, छातीवर बिल्ला. चोरी करायला खाकी!

काकूंनी डोळ्यांनीच मला सांगितलं, तू जा बरोबर. मुलगा नको म्हणत होता, पण काकूंनी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. आम्ही जीपनं गेलो. काका पुढच्या सीटवर, मांडीवर रिकामा डबा. जीपवाल्यानं खड्डे इतके जपून घेतले की पाठीमागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या.

वस्तीवर ती दारात बसून सुपात बाजरी पाखडत होती. माझ्याकडे बघून ती "बाई, तुमी?" म्हणत उठायला लागली. काका जीपवाल्याला थांब म्हणून सांगायला वळले होते, पाठमोरे. ती अर्धवट उठलेली तशीच थबकली. आजवर तिनं काकांचं तोंड कुठं बघितलं होतं? तिला माहीत होती ती पाठच. तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं पदर सावरला, सतरंजी टाकली, पाणी दिलं. पाऊस, पोरीचा निकाल, यंदाची मुकादमाची कटकट, सगळं बोलणं झालं. तिरपं बघितलं की दिसत होतं, रांजणाच्या बुडाशी तेलाचा पत्र्याचा डबा, आणि त्यात पाला. आमच्या रांजणात होता तसाच, गच्च. काका तिकडे बघत नव्हते. पण रिकामा पेला ते पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होते.

बोलणं संपलं.

ती उठली. सूप घेतलं, आमच्याकडे पाठ करून अंगणाच्या पार त्या टोकाला जाऊन बसली आणि मोठ्यानं खोकली.

काका उठले. रांजणाशी गेले. छातीवरची जखम अजून कोवळी, वाकताना त्यांना घाम फुटला. मी पुढे झाले तर त्यांनी हातानंच मला मागे सारलं. गुडघ्यावर बसले. इतक्या वर्षांनी स्वतः चोरायची वेळ आली होती. बोटं शेंड्याशीच चाचपडत होती. तेवढ्यात सुपातल्या बाजरीला उद्देशून ती बाई म्हणाली,

"बुडातनं घ्यावं मान्सानं. मुळासकट. शेंडा खुडला तर मरंल."

"व्हय, बाई," काका पुटपुटले. तिसरीतल्या पोरासारखे. आणि बुडातनं घेतलं.

निघताना ती जीपशी आली नाही. ती तशीच पाठ करून पाखडत राहिली, बाजरी कधीच स्वच्छ झाली असणार. जीप वस्तीच्या बाहेर पडेपर्यंत काका ताठ बसून होते, दोन्ही हातांत डबा, स्टिअरिंग धरल्यासारखा. डांबरी लागल्यावर त्यांनी मान किंचित माझ्याकडे केली आणि हळूच विचारलं,

"बाई, चोरताना तिनं आपल्याला बघितलं तर न्हाई ना?"

"नाही, काका."

"मंग लागंल," ते म्हणाले.